डिस्क एक, नोड दोन

प्रश्न: पेसमेकर क्लस्टरच्या दोन्ही नोडवर सामायिक डिस्कच्या जागेची देखरेख लावली आहे. फेलओव्हर झाला की आकडे भलतेच येतात. असे का?

उत्तर: एक्सएफएस फाइलसिस्टिम एका वेळी एकाच नोडवर माउंट करायची असते. दुसऱ्या नोडवर तुमचा माउंट पॉइंट म्हणजे नुसती रिकामी डिरेक्टरी. तिथे ‘डीएफ’ चालवलेत तर ते एरर न देता बिनदिक्कत रूट डिस्कचा आकडा सांगते. असा खोटा हिरवा दिवा लाल दिव्यापेक्षा घातक. म्हणून जागेची तपासणी व्हर्च्युअल आयपीवरूनच करा. ती सर्व्हिसबरोबर फिरेल. मग स्टँडबाय नोड वाऱ्यावर सोडायचा का? मुळीच नाही. तिथे जागा नव्हे, मल्टिपाथचे मार्ग तपासा. ते सगळे ‘फॉल्टी’ झाले तरी स्टँडबायवर कुणाचे काम अडत नाही, त्यामुळे बोंब उठते ती थेट फेलओव्हरच्या वेळी.