पहिल्या लेखनास शब्दांचा आधार

पहिली-दुसरीतील मुलास अक्षरओळख असते, बाराखडी येते, श्रुतलेखनही बरे जमते. परंतु 'काल काय केलेस ते लिही' म्हटले की पाटी कोरी राहते. मावळातील मुलाजवळ सांगण्यासारखे काही नसते असे नव्हे. खाचरातील लावणी, ओढ्याचा पूर, लोणावळ्याच्या लोकलमधील गर्दी यांविषयी ते घडाघडा बोलते. लिहिताना मात्र 'आणि'ला पहिली वेलांटी की दुसरी, येथेच हात अडतो आणि तेवढ्यात मनातील वाक्य निसटून जाते. हे अडणे कमी करणे, एवढेच शब्दसूचीचे काम होय.

नित्याच्या शब्दांची यादी करण्याची पद्धत इंग्रजी शाळांत रूढ आहे. अमेरिकेतील एडवर्ड डॉल्च यांची १९३६ सालची २२० शब्दांची यादी प्रसिद्धच आहे. तीत नामे घेतलेली नाहीत. इंग्रजीत उच्चार व लेखन यांची फारकत असल्याने तेथे पुष्कळ शब्दांचे रूपच लक्षात ठेवावे लागते. मराठीचे तसे नाही. त्यामुळे तशा यादीचे भाषांतर करून भिंतीवर लावण्यात फारसा अर्थ नाही.

मराठी मूल अडते ते बहुधा प्रत्ययापाशी. यादीत 'चूल' असते, मुलास हवे असते 'चुलीवर'. 'पूर' असते, हवे असते 'पुरात'. 'पाऊस' असते, हवे असते 'पावसात'. प्रत्यय लागताच दीर्घ ऊकार ऱ्हस्व का होतो, हे १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांत सापडते. पण सहा-सात वर्षांच्या मुलास नियम सांगून काय उपयोग? त्याच्या डोळ्यांसमोर 'चूल – चुलीवर' अशी जोडीच असावी. 'आणि'ची गोष्ट तर गमतीची आहे. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहावा असा सामान्य नियम, आणि मुले पदोपदी वापरतात तोच शब्द त्यास अपवाद! तो सर्वांत वर असावा. त्याखाली मी, आम्ही, पण, मग, म्हणून, तेव्हा, होता, नाही. प्रारंभी पंधरा शब्द पुरेत. पुढील शब्द मुलांच्या बोलण्यातूनच निवडावेत. आषाढात 'चिखल – चिखलात', सुगीत 'खळे – खळ्यावर'. पुठ्ठ्याच्या पट्ट्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर असाव्यात. आढ्याजवळ टांगलेली यादी तोरणाचेच काम करते.

हे शब्द दहा-दहा वेळा गिरवून घेऊ नयेत. मुलाने उठून शब्द पाहावा, मनात धरून जागेवर यावे व आपल्या वाक्यात लिहावा. त्या चार पावलांतच तो शब्द पक्का होतो.

पुष्कळ घरांत 'व्हता', 'न्हाई', 'आन्' असेच बोलतात. कातकरी वस्तीवरील मुलांची बोली तर पुस्तकी भाषेहून आणखी दूर असते. अशा शब्दांवर तांबडी रेघ ओढल्यास मूल पुढे 'हा आंबा आहे' एवढेच बिनचूक लिहू लागते आणि त्याची गोष्ट मनातच राहते. शिक्षकाने गोष्ट आधी ऐकावी, मुलाचा शब्द तसाच राहू द्यावा आणि भिंतीवरील 'होता'च्या पट्टीवर 'व्हता'ही लिहून ठेवावे.

पंधरा दिवसांनी पट्ट्यांकडे एकदा पाहावे. ज्या शब्दाकडे कोणी वळेनासे झाले असेल, ती पट्टी उतरवून तेथे नवी लावावी.