अहवाल कशासाठी, कोणासाठी?



वार्षिक सभेच्या अगोदर कारखान्याच्या अहवालाचे पुस्तक घरोघर येते. पुढचे फोटो बघून झाले की ते फडताळात जाते, नाहीतर पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला कामी येते. अहवाल म्हणजे साहेबलोकांचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असा समज सगळीकडेच आहे. तो चुकीचा कसा, हे या लेखात सांगायचे ठरवले आहे. सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

आम्ही प्रथम नोकरीला लागलो ते दुसऱ्या एका कारखान्यात, शेतकी मदतनीस म्हणून. पक्वता पाहणीचे काम होते. शेजारी-शेजारी दोन प्लॉट, जात एकच. पहिल्यात उतरून ब्रिक्स घेतला. दुसऱ्याला नुकतेच पाणी दिलेले. चिखलात कोण उतरणार? बांधावर उभे राहून पहिल्याचेच आकडे थोडे मागेपुढे करून दुसऱ्याच्या नावावर लिहिले. त्या प्लॉटची लागण दीड-दोन महिने उशिराची होती. नोंदवही उघडली असती तरी कळले असते, पण तेवढेही केले नाही. अहवालाप्रमाणे प्रोग्राम लागला, टोळी आली, कोवळा ऊस तुटला आणि वजनात मार बसला. मालक वयस्कर गृहस्थ. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, ऊस तुमच्या कागदावर पिकला, माझ्या रानात नव्हता पिकला."

ते वाक्य आम्ही अजून विसरलो नाही. जो माणूस जागेवर नाही, त्याला जागेवरची खरी गोष्ट कळावी आणि त्यावरून निर्णय घेता यावा, यासाठी लिहिलेला कागद म्हणजे अहवाल. कागद खोटा असला की निर्णय चुकतो, आणि त्याची झळ कागद लिहिणाऱ्याला न लागता दुसऱ्यालाच लागते.

आपल्या कारखानदारीत अहवाल मुख्यतः पाच प्रकारचे असतात.

१) दैनिक अहवाल : कालचे गाळप, साखर पोती, उतारा, कारखाना किती तास बंद राहिला व का. आजची अडचण आज कळावी, हा त्याचा हेतू. हंगाम संपल्यावर हे सगळे आकडे आर. टी. ८ (सी) या अंतिम अहवालात येतात.

२) पाहणी अहवाल : लागण नोंद, कीड-रोग, पक्वता. पक्वतेसाठी उसाच्या बुडख्याचा, मधल्या भागाचा व शेंड्याकडचा ब्रिक्स घेतात. शेंड्याचा आकडा बुडख्याच्या जवळ आला की ऊस पक्व झाला असे समजतात. कोणाचा ऊस आधी तोडायचा, हे यावर ठरते.

३) तपासणी अहवाल : उदाहरणार्थ माती परीक्षण. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश यांचे आकडे त्यात असतात. त्यावरून खताची मात्रा ठरते. पण नमुनाच खताच्या ढिगाजवळचा किंवा झाडाखालचा दिला, तर प्रयोगशाळा तरी काय करणार?

४) चौकशी अहवाल : ऊस जळाला, वाहन उलटले, वजनाची तक्रार आली, तर हा अहवाल लागतो. काय घडले ते आधी, कारण नंतर आणि शिफारस शेवटी, असा क्रम पाहिजे. डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले वेगवेगळे लिहिले पाहिजे.

५) वार्षिक व लेखापरीक्षण अहवाल : हे थेट मालकासाठी, म्हणजे तुमच्यासाठी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घेऊन हिशेब सभासदांपुढे ठेवायचे असतात. लेखापरीक्षकाने दाखवलेले दोष दुरुस्त करून दोषदुरुस्ती अहवाल देणे कलम ८२ प्रमाणे बंधनकारक आहे. दोष कोणते होते आणि त्याचे पुढे काय झाले, हे सभेत विचारणे म्हणजे भांडण काढणे नव्हे. तो तुमचा हक्क आहे.

आता कोणी म्हणेल, यात आमच्या पदरात काय पडणार? तर हिशेब बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे आणि शंभर टनाला ३,४६० रुपये. एका बांधावर बसून लिहिलेल्या खोट्या पक्वतेने उतारा किती हलणार? फारसा नाही. पण असे शंभर बांध झाले तर सगळ्यांच्याच खिशाला कात्री लागते. अपक्व ऊस ज्याचा तुटतो त्याचे वजन जाते, आणि उतारा सर्वांचा जातो.

अहवाल कोणताही असो, त्याला चार प्रश्न विचारा. कोणी पाहिले? केव्हा पाहिले? किती ठिकाणी पाहिले? आणि आता काय करायचे? "ऊस बरा आहे" हा अहवाल नव्हे. "अमुक तारखेला प्लॉटमध्ये पाच ठिकाणी पाहिले, दोन ठिकाणी खोडकीड दिसली" हा अहवाल.

सभासदांना आमची विनंती एवढीच. लागण नोंदीच्या वेळी स्वतः हजर राहा. तारीख, जात, क्षेत्र वाचून मगच सही करा. लवकर तोड मिळावी म्हणून तारीख मागे लिहायला सांगू नका, आणि आमचा माणूस तसे सुचवू लागला तर त्यालाही अडवा. ब्रिक्स घ्यायला आलेला मदतनीस बांधावरच थांबला, तर त्याला हाताला धरून सरीत उतरवा. पाय चिखलाने भरले तर धुता येतात.

आणि या खेपेला अहवालाचे पुस्तक आले की वह्यांना घालण्याअगोदर एकदा वाचून काढा.