🌱 *आजचा धडा : पासवर्ड सांभाळायचे कुठे?*



फवारणीचा सल्ला उद्या येईल. आज थोडा वेगळा विषय.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाचा मोबाईल विहिरीत पडला. नवीन घेतला, पण जीमेलचा पासवर्ड आठवेना. तो मुलाने टाकलेला, मुलालाही आठवेना. रिकव्हरीला दिलेला नंबर केव्हाच बंद पडलेला. विम्याची पावती, माल विक्रीची बिलं, फोटो सगळं आत अडकलं.

दुसरी चूक आपण बरेच जण करतो. सगळीकडे एकच पासवर्ड, नाव आणि पुढे १२३. एका ठिकाणचा फुटला की सगळी कुलपं उघडी.

यावर उपाय म्हणजे *पासवर्ड मॅनेजर*. ही कुलूपबंद वही समजा. प्रत्येक खात्याचा वेगळा पासवर्ड ती लक्षात ठेवते, आपण फक्त वहीची किल्ली लक्षात ठेवायची.

*कोणता निवडायचा?*

१) *फक्त अँड्रॉइड मोबाईल वापरता?* गूगल पासवर्ड मॅनेजर पुरेसा आहे. तो फुकट आहे, फोनमध्ये आधीच असतो. सेटिंगमध्ये शोधायच्या जागी 'पासवर्ड' टाईप करा, सापडेल. कमजोर किंवा फुटलेला पासवर्डही तो दाखवतो. इथे किल्ली म्हणजे तुमचं जीमेल आणि फोनचं लॉक. लॉकच नसेल तर आधी ते लावा.

२) *मोबाईल, कॉम्प्युटर दोन्ही वापरता, किंवा वही गूगलपासून वेगळी हवी?* बिटवॉर्डन बघा. साध्या वापराला फुकट आहे, कितीही फोन-कॉम्प्युटरवर चालतं. पण याचा मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनीसुद्धा तो काढून देऊ शकत नाही.

कोणतंही ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल कधीच टाकू नका.

*किल्ली मजबूत हवी.* २०२२ मध्ये लास्टपास या मोठ्या कंपनीकडून ग्राहकांच्या वह्याच चोरीला गेल्या. वह्या कुलूपबंद होत्या, पण ज्यांची किल्ली साधी त्यांना धोका जास्त. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. उदा. विहीर-कंदील-शेवगा-चाळीस, इंग्रजी अक्षरांत. (हाच ठेवू नका, तो आता सगळ्या ग्रुपला माहीत झाला 🙂)

किल्ली कागदावर लिहून घरात सातबारा-खातेउताऱ्याच्या फाईलमध्ये ठेवा. घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवा.

*आणखी एक फायदा :* मॅनेजर साइटचा पत्ता बघूनच पासवर्ड भरतो. बँकेसारखं दिसणारं बनावट पान उघडलं तर तो भरत नाही. तो गप्प राहिला की तुम्हीही थांबा, पत्ता नीट वाचा.

*यात ठेवू नका :* यूपीआय पिन आणि एटीएम पिन. ते डोक्यातच. ओटीपी तर कोणालाच सांगायचा नाही.

✅ *आज रात्री एवढंच करा :* जीमेलचा पासवर्ड बदलून कागदावर लिहा आणि रिकव्हरी नंबर चालू आहे का बघा. बाकीची खाती रोज एक, सावकाश.

पैसे गेले तर वेळ न घालवता *१९३०* वर फोन करा.

अडलं तर ऑफिसला या, समोर बसून करून देतो. पासवर्ड मात्र तुम्हीच टाकायचा, मलाही सांगायचा नाही.

🙏 आपला कृषी सल्लागार