श्रद्धा आणि पारख

आजचा पाठ : थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र 5:21



सर्व गोष्टींची पारख करा आणि चांगले ते धरून ठेवा, असे संत पौल आजच्या वचनात सांगतो. ही पारख रोजच्या जीवनात कशी करायची?

पावसाळा लागला की खान्देशात शेतीच्या कामांबरोबर सर्पदंशही वाढतात. रावेर-यावलची केळीची बाग असो की शिरपूरकडचे कपाशीचे शेत, साप चावल्यावर आजही काही घरांतून पहिली धाव भगताकडे असते. "भगताने उतरवले आणि माणूस वाचला," असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. माणूस खरोखरच वाचलेला असतो. पण तो कशामुळे वाचला?

आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातेच असे नाही. असा रोगी मंत्राशिवायही वाचतो, पण श्रेय मंत्राला मिळते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष ज्याच्या अंगात भिनले आहे, त्याचा मोलाचा वेळ मात्र वाया जातो. काविळीच्या माळेचेही असेच आहे. 'अ' प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते.

म्हणून शास्त्र बऱ्या झालेल्यांबरोबर दगावलेल्यांचीही मोजणी करते. या चारही विषांवर चालणारे औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात. ते टोचणाऱ्याचा धर्म कोणताही असो, त्याचा गुण येतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे.

मग देवाने सहा दिवसांत जग निर्माण केले, त्याचे काय, असे आपली मुले विचारतात. उत्पत्तीचा पहिला अध्याय वनस्पती आधी आणि माणूस नंतर सांगतो. दुसऱ्या अध्यायात माणूस आधी येतो. म्हणजे पवित्र लेखक विज्ञानाचा तक्ता देत नाही, तर सर्व देवापासून आहे हे सांगतो. 22 ऑक्टोबर 1996 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, उत्क्रांती हा आता केवळ तर्क राहिलेला नाही, असे मान्य केले. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे मठवासी धर्मगुरू होते. मठाच्या बागेत त्यांनी आठ वर्षे वाटाण्याची रोपे मोजली.

वैद्याला देवानेच नेमले आहे आणि औषधे त्यानेच भूमीतून दिली आहेत, असे बेन सिराच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय शिकवतो. तेव्हा अभिषिक्त तेल आणि पवित्र पाणी यांनाही आपण औषधाच्या जागी बसवू नये. साप चावल्यास जखम कापू नका, आवळून बांधू नका. चावलेला अवयव हलू न देता रोग्याला लगेच सरकारी रुग्णालयात न्या. प्रार्थना अवश्य करा, पण रोग्याला आधी गाडीत बसवा.

विचारासाठी प्रश्न
1. "गुण आला" असे ऐकल्यावर आपण आणखी काय विचारले पाहिजे?
2. आपल्या घरापासून सर्पदंशाचे इंजेक्शन मिळणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते?