मोबाईल आला, तरी हे गेम पार्लर टिकलं कसं?

"सर, ऑनलाइनमुळे धंदा बसला," हे आपल्या गोरेगावात मी रोज ऐकतो. आजचा धडा त्यावरच.

मुस्तफा गेम आठवतो? कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. नाणं टाका, खेळा. मोबाईल आला अन् आपल्याकडची बहुतेक पार्लरं बंद पडली.

पण अमेरिकेत शिकागोजवळ ब्रुकफिल्डला 'गॅलॉपिंग घोस्ट' हे जुन्या मशीनचं पार्लर २०१० मध्ये, म्हणजे ऐन मोबाईलच्या काळात सुरू झालं आणि टिकलं. त्यांनी तीन गोष्टी केल्या.

१. कमाईची पद्धत बदलली. नाण्याच्या हिशोबात पट्टीचा खेळाडू एका नाण्यावर तासभर मशीन अडवतो, नवखा दोन मिनिटांत हरून घरी जातो. इथं दारात एकदाच पैसे भरा, दिवसभर खेळा. नवखाही रमतो.

२. परत यायचं कारण दिलं. दर सोमवारी एक गेम वाढवतात.

३. दुरुस्ती स्वतः करतात. जुनं मशीन बिघडणारच. बंद मशीन म्हणजे अडकलेलं भांडवल.

माल जुनाच, विकायची पद्धत नवी!

गृहपाठ: सात दिवस वहीत तीन रकाने भरा. गिऱ्हाईक किती वेळ थांबलं? किती रुपये दिले? परत कशासाठी येईल? तिसरा रकाना रिकामा राहिला, तर मोबाईलला दोष देण्याआधी काम तिथून सुरू करा.