मेंदूचा रक्तपुरवठा आणि अर्धांगवायू

आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण त्याला सुमारे २० टक्के प्राणवायू लागतो. मानेतील चार धमन्या तो पोचवितात. गुठळीने वाट अडली किंवा रक्तवाहिनी फुटली की झटका येतो: तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते. दुखत नाही म्हणून आपण रोग्याला निजू देतो, हे घातक. गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांतच देता येते. फुजैरात घरापासून दूर, खोलीवर राहणाऱ्याचा सोबतीच साक्षीदार. रोगी शेवटी धड केव्हा होता, ती वेळ त्यानेच डॉक्टरांस सांगावी. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. रक्तस्राव असल्यास वाढेल. डोक्यास मार लागून गुंगी वा वांती झाल्यासही थांबू नये. रुग्णवाहिका: फुजैरात ९९८, इस्राएलात १०१, महाराष्ट्रात १०८.