उन्हाळी दौरा, हिवाळी मैदान : अंदाज बांधायला शिकवणारा एक पाठ



"मॅडम, उद्या कोण जिंकेल?" क्रिकेटचा सामना असला की आदल्या दिवशी वर्गात हा प्रश्न हमखास येतो. उत्तरंही धडाधड येतात. पण "कशावरून?" असं विचारलं की वर्ग शांत! अंदाज म्हणजे मनाला येईल ते बोलणं नाही, हातातल्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे अंदाज. हे शिकवायला मी मुद्दाम असा खेळ निवडला, ज्यात मुलांचा आवडता संघच नाही. तो खेळ म्हणजे रग्बी, आणि उदाहरण आहे आयर्लंडच्या संघाने २०२२ साली केलेल्या न्यूझीलंड दौऱ्याचं.

आधी थोडा भूगोल

आयर्लंड उत्तर गोलार्धात. तिथे जून-जुलै म्हणजे उन्हाळा, म्हणून हा 'उन्हाळी दौरा'. न्यूझीलंड दक्षिण गोलार्धात, म्हणजे तिथे ऐन हिवाळा. पृथ्वीगोल हातात देऊन हे मुलांनाच शोधू द्या. आणखी एक गंमत सांगा: आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड हे राजकीयदृष्ट्या वेगळे, पण रग्बीत दोघांचा संघ एकच.

मग थोडं गणित

रग्बीच्या या प्रकारात प्रत्येक संघात १५ खेळाडू, सामना ८० मिनिटांचा, चेंडू लंबगोल. हाताने चेंडू पुढे फेकायचा नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की 'ट्राय', त्याचे ५ गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी २. पेनल्टी किकचे ३. आता फळ्यावर लिहा: "१९ गुण कसे कसे होतील?" एकापेक्षा जास्त उत्तरं निघतात, आणि एरवी गणिताला कंटाळणारी मुलंही वही उघडतात.

दौऱ्याआधीची माहिती

फळ्याचे दोन भाग करा. एका बाजूला 'आशा', दुसऱ्या बाजूला 'काळजी'.

आशा: हे दोन संघ १९०५ पासून खेळत होते, पण आयर्लंडला पहिला विजय मिळाला थेट २०१६ साली, अमेरिकेत शिकागोला (४०-२९). त्यानंतर २०१८ आणि २०२१ मध्ये डब्लिनला घरच्या मैदानावरही ते जिंकले. म्हणजे न्यूझीलंडची भीती मोडलेली होती.

काळजी: न्यूझीलंडमध्ये जाऊन आयर्लंडने न्यूझीलंडला एकदाही हरवलं नव्हतं. २०१२ च्या दौऱ्यातली शेवटची कसोटी तर ६०-० अशी हरले होते. या वेळची पहिली कसोटी ऑकलंडच्या ईडन पार्कवर होती, जिथे न्यूझीलंड १९९४ नंतर हरलंच नव्हतं. शिवाय १८ दिवसांत पाच सामने: तीन कसोट्या आणि दोन सामने माओरी संघाशी. त्यातला माओरींविरुद्धचा पहिलाच सामना आयर्लंडने ३२-१७ असा गमावला.

पहिली कसोटी आणि वर्गाचा निकाल

२ जुलै २०२२. न्यूझीलंड ४२, आयर्लंड १९. इथे थांबा आणि विचारा, "पुढे काय होईल?" माझ्या वर्गात जवळजवळ सगळे म्हणाले, "तीन-शून्य!"

मग मी मध्यंतराचा गुणफलक लिहिला: २८-५. "आता वजाबाकी करा." मुलांनी केली आणि एकमेकांकडे बघू लागली. उत्तरार्धाचा हिशोब निघाला १४-१४. बरोबरी! तीही कर्णधार जॉनी सेक्स्टन डोक्याला मार लागून पूर्वार्धातच बाहेर गेलेला असताना.

पण लगेच "म्हणजे आयर्लंडच जिंकणार" असंही म्हणू देऊ नका. एका मुलीने छान मुद्दा काढला, "मॅडम, खूप पुढे असलं की माणूस जरा सैल खेळतो ना?" अगदी बरोबर. एकाच आकड्याचे दोन अर्थ निघू शकतात, हे कळणं हाच या पाठाचा गाभा आहे.

पुढे काय झालं?

प्रशिक्षक अँडी फॅरेल यांनी एका पराभवाने संघ विस्कटला नाही, खेळाडूंमध्ये फारसे बदल केले नाहीत. ९ जुलैला डनेडिनला आयर्लंड २३-१२ ने जिंकलं. न्यूझीलंडला त्यांच्याच भूमीवर हरवण्याची आयर्लंडची ही पहिलीच वेळ. मात्र न्यूझीलंडच्या एका खेळाडूला पूर्वार्धातच लाल कार्ड मिळालं होतं, हेही मुलांना सांगा. विजयाचं मोजमापसुद्धा प्रामाणिकपणेच करायचं. राखीव खेळाडूंनी १२ जुलैला माओरी संघालाही ३०-२४ ने हरवलं. १६ जुलैला वेलिंग्टनला मध्यंतरापर्यंत २२-३ अशी आघाडी, शेवटी ३२-२२ ने विजय आणि मालिका २-१ ने खिशात!

कथा इथे संपवू नका. २०२३ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडनेच आयर्लंडला २८-२४ ने घरी पाठवलं. म्हणजे एका दौऱ्याचं यशसुद्धा कायमचं नसतं.

आता आपल्याबद्दल

हा पाठ घेताना मला माझीच एक नोंद आठवली. एका मुलीला गणिताच्या पहिल्या चाचणीत २० पैकी ८ गुण होते. एकूण बघून मी "संकल्पना स्पष्ट नाहीत" असं लिहून मोकळी झाले. पुढे पालकसभेत तिच्या आईने पेपर समोर ठेवला तेव्हा नीट पाहिलं. शाब्दिक उदाहरणांची मांडणी सगळी बरोबर होती, चूक फक्त हातच्याच्या वजाबाकीत होत होती. मी फक्त ४२-१९ वाचलं होतं, १४-१४ वाचलंच नव्हतं. आई काही बोलल्या नाहीत, पण मला फार लाजल्यासारखं झालं.

पालकहो, तुम्हीसुद्धा चाचणीचा कागद हातात आला की एकूण गुणांवर थांबू नका. कुठल्या प्रश्नात गेले, कुठल्या प्रश्नात टिकले, ते मुलाला शेजारी बसवून बघा. मगच पुढचा अंदाज बांधा. आणि तो पेन्सिलने लिहा, म्हणजे खोडता येईल.

वर्गात किंवा घरी हा पाठ नक्की करून बघा. मुलांनी काय कारणं दिली, तेही कळवा.